पॉलिस्टरचे पडदे खरंच ‘फायरप्रूफ’ असतात का? तापल्यावर क्रॉस-लिंकिंग म्हणजे काय?

तुम्ही विचारलंय की लॉनच्या हॉलसाठी पडदे घ्यायचे आहेत, नागपूरच्या इतवारीतला दुकानदार ‘फायरप्रूफ’ म्हणतो, आणि क्रॉस-लिंकिंगवाल्या पॉलिस्टरबद्दल कुठंतरी वाचलं, तर ते काय आहे. मी बुटीबोरीच्या एका कारखान्यात स्पिनिंगला, म्हणजे पॉलिस्टर वितळवून धागा काढायच्या कामाला, बरीच वर्षं काढली, म्हणून लिहितो.

‘फायरप्रूफ’ शब्द आधी सोडा. पॉलिस्टर जळतंच. पण त्याची खरी खोड वेगळी आहे, ते ठिबकतं. साध्या पडद्याची पट्टी चिमट्यात धरून पेटवा आणि खाली पाण्याची परात ठेवा. कापड आधी ज्योतीपासून आक्रसतं, टोकाला काळा मणी धरतो, मग पेटते थेंब परातीत चुर्र करत पडतात. परातीच्या जागी गादी असली तर पुढचं सांगायला नको.

गंमत म्हणजे आग आटोक्यात राहावी म्हणून पॉलिस्टरला फॉस्फरस देतात, तो नेहमीचा उपाय बराचसा या ठिबकण्यावरच चालतो. थेंब उष्णता घेऊन पडून जातो, वरची ज्योत विझते. म्हणून प्लास्टिक किती जळतं ते बघायच्या यूएल-९४ चाचणीत नमुन्याखाली ३०० मिमीवर कापूस ठेवतात. ज्योत वेळेत विझली, पण थेंबानं कापूस पेटला, तर वरचा दर्जा मिळत नाही.

क्रॉस-लिंकिंगचा विचार उलटा आहे: थेंब पडूच द्यायचा नाही. पाटोडीचं बेसन आठवा. आधी पळीनं ओतता येतं, आच लागली की घट्ट होतं आणि थापता येतं. (रसायनशास्त्र वेगळं आहे, पण डोळ्यांना दिसतं ते हेच.) पॉलिस्टर म्हणजे लांबच लांब रेणूंच्या साखळ्या. त्या साखळीतच अणूंचे असे गट गुंफतात, जे खूप तापल्यावर शेजारच्या साखळीला धरतात. वितळलेला माल जाळं होऊन घट्ट होतो, वर कोळशाचा थर धरतो. चीनमध्ये सिचुआन विद्यापीठात वांग यूझाँग यांच्या गटानं यावर पुष्कळ काम केलंय. त्यांच्या काही प्रकारांत आग रोखायला नेहमी घालतात ते ना ब्रोमीन, ना फॉस्फरस.

मग सगळे हेच का करत नाहीत? घोडं तापमानाशी अडतं. पॉलिस्टर २५५ अंशांच्या आसपास वितळतं, धागा साधारण २८०-२९० ला काढतात, आणि ४०० च्या आसपास साखळ्या झपाट्यानं तुटू लागतात. गाठी बसायच्या त्या मधल्या पट्ट्यात. जरा लवकर बसल्या की एक्स्ट्रूडरमध्येच (माल वितळवून पुढे ढकलणारं यंत्र) जेल होतं, म्हणजे न वितळणाऱ्या गुठळ्या होतात. साध्या मालातही जेल झालं की काय होतं ते मी पाहिलंय: पॅकचं (धाग्याआधीच्या गाळणीचं) प्रेशर चढत जातं, स्पिनरेटची, म्हणजे धागा निघतो त्या चाळणीची, भोकं बुजतात, आणि रात्रपाळीत पॅक बदलत बसावं लागतं. मात्र जमलं तर फायदा मोठा. आग लागेपर्यंत हा माल साधं पॉलिस्टरच राहतो, त्याच्या चिप्स (कच्च्या मालाचे दाणे) पुन्हा वितळवता येतात. कुकरच्या बेकेलाइट मुठीचं तसं होत नाही.

इतवारीत हे मागू नका, अजून बरंचसं प्रयोगशाळेतलं काम आहे. फॉस्फरस धाग्यातच असलेलं कापड मागा. वरून फवारलेला क्षार धुण्यात उतरतो. तुकडा दोनदा धुऊन, वाळवून मग पट्टी पेटवा, आणि ज्योतीपेक्षा थेंबांकडे बघा, ते पेटते पडतात का. गच्चीवर करा, बादली भरून ठेवा. फक्त मे महिन्यातल्या दुपारी नको, आपल्याकडच्या उन्हात ज्योत दिसतच नाही.