लेखीत वरचा, ऑस्कीत काठावर

प्रिय मित्रा,

लेखीत वर्गात तिसरा आणि ऑस्कीत (स्टेशनामागून स्टेशन फिरत पेशंट तपासून दाखवायच्या प्रात्यक्षिक परीक्षेत) जेमतेम पास, म्हणजे ऑस्कीच बोगस, असं तू लिहिलंयस. रागात आहेस, पण तुझं अर्धं म्हणणं खरं आहे.

या दोन्ही गुणांचं नातं असतं, पण सैल. छातीत दुखण्याची कारणं ज्याला पाठ नाहीत, त्याला हिस्टरी घेताना पुढचा प्रश्नच सुचत नाही. त्यामुळे निदानाच्या भागात थिअरीचा अभ्यास हमखास कामी येतो. पेशंटशी बोलण्याचे गुण मात्र लेखीच्या मागे फारसे जात नाहीत. वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये डॉक्टरी कौशल्याच्या चार पायऱ्या मांडल्या: माहीत असणं, कसं करायचं ते माहीत असणं, करून दाखवणं आणि रोजच्या कामात करणं. एमसीक्यू, म्हणजे बहुपर्यायी प्रश्न, पहिल्या दोन पायऱ्या तपासतात, ऑस्की तिसरी. चौथी वॉर्डातच दिसते.

आता तुझं अर्धं खरं. एका केसमध्ये चमकलेला विद्यार्थी दुसऱ्या केसमध्ये हमखास चमकतो असं नाही. वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ हार्डेन यांनी १९७५ मध्ये ऑस्की मांडली, ती एकाच लाँग केसच्या (एकच पेशंट सविस्तर तपासण्याच्या) नशिबावर निकाल ठरू नये म्हणूनच. तरी शेकडो एमसीक्यूंपुढे दहा-बारा स्टेशनं ती किती! एखादं बिघडलं तर मनाला लावून घेऊ नकोस.

पण तुझं एकच स्टेशन बिघडलेलं नाही. गुणपत्रिका मी पाहिली. चार स्टेशनांवर तेच: ‘पेशंटला बोलू दिलं नाही.’ पोटाच्या स्टेशनवर तर मीच उभा होतो. यकृत चाचपायला उजव्या बाजूला खालून सुरुवात केलीस, श्वासाबरोबर हात वर नेलास, सगळं पुस्तकाबरहुकूम. नजर मात्र सतत पोटावर. तिकडे पेशंटनं दोनदा तोंड वाकडं केलं, ते तुला दिसलंच नाही. आणि ‘दुखतंय?’ विचारून उत्तर यायच्या आत पुढचा प्रश्न टाकलास.

अमेरिकेतली स्टेप २ सीएस ही डॉक्टरांची अशीच प्रात्यक्षिक परीक्षा २०२० मध्ये थांबली आणि २०२१ मध्ये कायमची बंद झाली, हे तू मला ऐकवशीलच. ऐकव. तोवर मित्राला पेशंट कर, मोबाइलवर पाच मिनिटांचं शूटिंग कर आणि त्याचं वाक्य तू कितीदा तोडलंस ते मोज. सोमवारी तो आकडा घेऊन ये.

तुझा,
सर