मुख्याध्यापक व्हायचंय? कोर्सचं नंतर बघू, आधी ज्येष्ठता यादी काढा

प्रश्नांचा ढीग पडलाय आणि त्यातले निम्मे एकच आहेत, कुठला कोर्स केला की मुख्याध्यापक होता येतं. अ‍ॅडमिशनच्या जाहिराती सुरू झाल्या की दरवर्षी हेच. त्यामुळे यावेळी एकत्रच उत्तरं देतोय. खालचं बहुतेक सगळं महाराष्ट्रातल्या खाजगी माध्यमिक शाळांबद्दल आहे, जिल्हा परिषदेचे नियम वेगळे, ते यात मिसळू नका.

प्रश्न : ग्रुपवर मेसेज आलाय की आता डीएसएम (शालेय व्यवस्थापन पदविका) केल्याशिवाय मुख्याध्यापक पदाला मान्यताच मिळणार नाही. खरं आहे का? (सहाय्यक शिक्षक, बार्शी. हाच प्रश्न आणखी बऱ्याच जणांचा.)

मेसेजखाली जीआरचा नंबर आणि तारीख आहे का? नसेल तर डिलीट करा, पुढे ढकलू नका. खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीतला नियम ३ उघडून स्वतः वाचा. माध्यमिकसाठी पदवी पाहिजे, बी.एड. पाहिजे, आणि पदवीनंतर माध्यमिक शाळेत पूर्णवेळ शिकवल्याचा किमान ५ वर्षांचा अनुभव पाहिजे, त्यातली निदान २ वर्षं बी.एड. नंतरची. बास. डीएसएम हा शब्द त्यात कुठेही नाही. मुक्त विद्यापीठाची ही पदविका वाईट आहे असं मी म्हणत नाही, वेळापत्रक, हिशेब, कार्यालयीन पत्रव्यवहार समजून घ्यायला उपयोगी आहे, शाळा चालवायची तर जरूर करा. पण "डीएसएम करा, हमखास मुख्याध्यापक व्हा" असली पत्रकं वाटणाऱ्या क्लासवाल्यांना पैसे देऊ नका. नुसतं शिकायचंच असेल तर दिल्लीच्या नीपा या शैक्षणिक नियोजनाच्या राष्ट्रीय संस्थेच्या शालेय नेतृत्व केंद्राचा ऑनलाइन कोर्स आहे, त्याला फी नाही. आणि तरीही शंका असेल तर शिक्षणाधिकारी (माध्यमिक) कार्यालयात लेखी विचारा, ग्रुपवर नको.

प्रश्न : बी.एड. नाही पण एम.ए. शिक्षणशास्त्र आहे, २० वर्षं सर्व्हिस आहे. चालेल का?

नाही.

प्रश्न : मग एम.एड. आणि एम.ए. शिक्षणशास्त्र यात फरक काय? एजंट म्हणतो दोन्ही एकच, आणि एम.एड. घरबसल्या एका वर्षात करून देतो. (शिक्षिका, नांदेड)

एकच नाहीत. एम.ए. शिक्षणशास्त्र ही नेहमीच्या एम.ए. सारखी विषयातली पदवी, कुठल्याही शाखेचा पदवीधर करू शकतो, आणि ती बी.एड. ची जागा घेत नाही. एम.एड. ला एनसीटीईची (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची) मान्यता लागते, त्याआधी बी.एड. सारखं शिक्षक प्रशिक्षण लागतं, आणि २०१४ च्या नियमांपासून तो २ वर्षांचा आहे. एका वर्षात करून देतो म्हणणाऱ्याला कॉलेजचं एनसीटीईचं मान्यतापत्र मागा, फोन उचलायचा बंद होईल. दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठाचं असेल तर पैसे भरायच्या आधी यूजीसीच्या साइटवर बघा, आणि नोकरीत असताना रेग्युलर कोर्स करायचा तर संस्थेची लेखी परवानगी आणि रजेचं काय हे आधी मिटवा, नाहीतर एकाच दिवशी कॉलेजच्या मस्टरवर पण हजर आणि शाळेच्या मस्टरवर पण हजर असं निघतं आणि ते पुढे कोणीतरी बरोबर माहिती अधिकारात काढतं.

प्रश्न : ज्येष्ठता यादीत मी दोन नंबरला होते. पहिले सर निवृत्त झाले. संस्थेनं अध्यक्षांच्या नात्यातल्या शिक्षकाला प्रभारी केलं, तो माझ्यानंतर ६ वर्षांनी लागलाय पण त्याचं एम.एड. आणि डीएसएम दोन्ही झालंय. अध्यक्ष म्हणाले, शांत राहा मॅडम, पुढच्या वर्षी बघू. याला आता ८ महिने झाले. मी पण एम.एड. ला अ‍ॅडमिशन घेऊ का? (बी.ए. बी.एड., सातारा जिल्हा)

ताई, अ‍ॅडमिशनचं राहू द्या. ८ महिने हा तुमचा खरा प्रॉब्लेम आहे.

नियमावलीच्या शेवटी अनुसूची फ आहे, तिच्यात माध्यमिक शिक्षकांच्या ज्येष्ठतेची उतरंड दिली आहे. वरचे दोन प्रवर्ग मुख्याध्यापक आणि मोठ्या शाळांचे उपमुख्याध्यापक वगैरेंचे, त्यांच्याखाली प्रवर्ग क, आणि त्यात एम.ए. बी.एड. आणि बी.ए. बी.एड. दोघंही एकाच ओळीत बसतात. म्हणजे जास्तीची पदवी घेतली म्हणून कोणी तुमच्या डोक्यावरून उडी मारून पुढे जात नाही. एम.एड. साठी तिथे वेगळी पायरी ठेवलेलीच नाही. नियम ३ नुसार पात्र असलेल्यांमधल्या सर्वात ज्येष्ठ आणि सेवेचं रेकॉर्ड समाधानकारक असलेल्या शिक्षकाला संस्थेनं नेमायचं असतं, आणि संस्थेच्या अनेक शाळा असतील तर रात्रशाळा सोडून सगळ्या शाळा मिळून बघायचं असतं, फक्त तुमच्या शाळेपुरतं नाही. हे तुमच्या अध्यक्षांना चांगलं माहीत असतं. म्हणून तर "पुढच्या वर्षी बघू".

कारण डावललं गेलं तर ही नियमावली ज्याच्याखाली आहे त्या १९७७ च्या सेवाशर्ती कायद्याच्या कलम ९ खाली शाळा न्यायाधिकरणात अपील करता येतं आणि त्याची मुदत आहे ३० दिवस. तीस. चहा पाजून, समजूत घालून, गणपती होऊ द्या दिवाळी होऊ द्या करत ती मुदत संपवली जाते आणि आमचे शिक्षक मुदत गेल्यावर नवीन पदवीचा फॉर्म भरायला जातात, म्हणजे लग्न होऊन गेल्यावर पत्रिका छापायला टाकल्यासारखं. उशीर माफ करायचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे पण त्याला सबळ कारण लागतं, आणि अध्यक्ष गोड बोलले हे कारण तिथे किती टिकेल याची मला शंका आहे. शिवाय तुमच्याकडे प्रभारी नेमलाय, प्रभारी नेमणूक म्हणजे डावलणं धरायचं का, मुदत कुठल्या तारखेपासून मोजायची, हे तुमचे कागद बघितल्याशिवाय कोणीच सांगू नये, मी पण नाही. सेवाशर्तीच्या केसेस करणारा वकील गाठा, याच आठवड्यात.

जाताना नेमणुकीचा आदेश, शिक्षणाधिकाऱ्यांचं मान्यतापत्र, बी.एड. च्या निकालाची तारीख असलेलं मार्कशीट, सेवापुस्तकाच्या झेरॉक्स आणि गेल्या काही वर्षांच्या ज्येष्ठता याद्या न्या. यादी तुमच्याकडे नसणार, मला माहिती आहे. बहुतेकांकडे नसते! शिपाई दुपारच्या सुट्टीत वही घेऊन येतो, मॅडम सही करा म्हणतो, आपण डबा खाता खाता सही करतो. ती सही कशावर केली हे कोणी वाचत नाही आणि १५ वर्षांनी कळतं की आपली रुजू तारीख चुकीची पडली आहे. नियम १२ नुसार यादीवर हरकत घेता येते, संस्थेला ती विचारात घ्यावी लागते, आणि वाद राहिलाच तर तो शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो. हरकत लेखी द्या, आवक नंबर आणि तारखेसकट पोच घ्या, तोंडी सांगितलं होतं याला काही किंमत नाही. तुमच्या शाळेत डी.एड. वर लागून नंतर बी.एड. केलेले कोणी असतील तर जास्तच सावध राहा, त्यांची ज्येष्ठता कुठल्या तारखेपासून धरायची यावरून भांडणं सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेली आहेत, तिथे व्हॉट्सअ‍ॅपवरचा निकाल वाचून स्वतःचं स्वतः ठरवू नका.

आणि कोणी "तुम्हाला इतक्यात जबाबदारी नको असेल ना, मग इथे सही करा" म्हणून कागद पुढे केला तर तो हक्क सोडल्याचा कागद असू शकतो. हक्क सोडणं लेखी आणि स्वतःच्या मर्जीनं असावं लागतं. घरी नेऊन वाचा, वकिलाला दाखवा, मग बघू.

प्रश्न : अल्पसंख्याक संस्थेची शाळा आहे, तिथे पण ज्येष्ठताच का?

तिथे नाही. १९७७ च्याच कायद्याच्या कलम ३ मध्ये अल्पसंख्याक शाळेच्या प्रमुखाची निवड या कायद्याबाहेर ठेवली आहे. पण संस्थेला तो दर्जा खरंच आहे का आणि कधीपासून आहे, त्याचं प्रमाणपत्र बघायला मागा. नुसतं बोर्डावर लिहिलं म्हणून होत नाही.

प्रश्न : मी आठवीपर्यंतच्या वर्गांना शिकवते, टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) नाही, रिटायर व्हायला ७ वर्षं आहेत. शाळेतले सगळे म्हणतात काही होत नाही, थांबा. (कोल्हापूर)

थांबू नका. १ सप्टेंबर २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालात पहिली ते आठवीच्या सेवेतल्या शिक्षकांचं स्पष्ट सांगितलंय, ५ वर्षांपेक्षा जास्त नोकरी उरलेल्यांनी २ वर्षांत टीईटी पास व्हायचं, आणि ज्यांची ५ पेक्षा कमी उरली आहेत ते राहतील पण टीईटीशिवाय पदोन्नती नाही. अल्पसंख्याक शाळांचा मुद्दा मोठ्या पीठाकडे पाठवलाय, तो वेगळा. तुम्हाला ७ उरलीत, म्हणजे तुम्ही पहिल्या गटात. सहावी ते आठवीसाठी पेपर २, त्याचा अभ्यास आजपासून. पाचवी ते दहावीच्या शाळेत मुख्याध्यापक पदाला हे नेमकं कसं लावतात ते शिक्षणाधिकारी कार्यालयातून लेखी घ्या. मार्क वाढवून देतो म्हणणारा भेटला तर २०१९-२० च्या टीईटी घोटाळ्यात यादीत नावं आलेल्यांचं काय झालं ते आठवा.

प्रश्न : सीबीएसई शाळेत प्रिन्सिपल व्हायला पण हेच नियम?

पात्रता वेगळी, तिथे पदव्युत्तर पदवी अधिक बी.एड. बघतात. अनुभव किती ते प्रत्येक जाहिरातीत वाचा.

प्रश्न : मुलगी टेक्सासमध्ये शिक्षिका आहे. तिचं इथलं एम.एड. दाखवून तिकडे प्रिन्सिपल होता येईल का? (पुणे)

नुसतं दाखवून नाही. तिकडे हे खरोखरच सर्टिफिकेटवर चालतं : मास्टर्स पदवी, वर्गात शिकवायचं वैध सर्टिफिकेट, २ वर्षांचा शिकवण्याचा अनुभव, राज्यानं मान्य केलेला प्रिन्सिपल तयारीचा प्रोग्राम, आणि त्यावर २६८ नंबरची परीक्षा आणि पीएएसएल नावाचं प्रत्यक्ष कामावरचं मूल्यमापन. इथल्या पदवीचं आधी तिकडच्या मान्य संस्थेकडून मूल्यांकन करून घ्यावं लागेल. प्रोग्राम निवडायच्या आधी तो टेक्सास एज्युकेशन एजन्सीच्या यादीत आहे का ते तिला बघायला सांगा, आणि व्हिसाचं तिथल्या वकिलाला विचारा, मला नको.