'वाकनीस' आडनावाचा अर्थ काय? ते 'वाकणे' वरून आलंय का?

तुम्ही विचारलंय की आजीचं माहेरचं आडनाव वाकनीस, इतर कुठे फारसं ऐकलेलं नाही, घरात कोणी सांगतं की पूर्वज दरबारात वाकून मुजरा करायचे म्हणून वाकनीस, आणि कोणी म्हणतं वाक् म्हणजे वाणी, त्यावरून आलं. थेट सांगतो, दोन्ही नाही. वाकनीस म्हणजे घडलेल्या गोष्टी लिहून ठेवणारा. हे एका हुद्द्याचं नाव आहे आणि हुद्दा साधासुधा नव्हता.

मला हा प्रश्न जवळचा वाटला कारण आमचं आडनाव हसबनीस, म्हणजे नात्याने नसलो तरी आडनावाने आपण भाऊबंदच. शेवटचा जो 'नीस' आहे ना तो मूळचा फारसी 'नवीस', म्हणजे लिहिणारा. हिसाब लिहिणारा तो हिसाबनवीस, त्याचं बोलता बोलता हसबनीस झालं असं आमच्याकडे सांगतात. चिठ्ठ्या म्हणजे पत्रव्यवहार सांभाळणारा चिटणीस, दरबारचा फारसी पत्रव्यवहार बघणारा पारसनीस, कोठारं आणि सामानसुमान बघणारा कारखानीस. तसंच 'वाकिया' म्हणजे घटना, आणि वाकिया लिहिणारा तो वाकियानवीस, मग वाकेनवीस, मग घासून घासून वाकनीस. जुन्या लिखाणात 'वाकेनवीस' हे मधलं रूप सापडतं आणि तोच खरा पुरावा आहे, कारण त्यात 'वाके' स्वच्छ दिसतो, तिथे वाकणेही बसत नाही आणि संस्कृत वाक्ही बसत नाही. गंमत म्हणजे या वाकियाचं एक भावंड आपण रोज वापरतो. 'मोक्याची जागा', 'मोका साधला' यातला मोका त्याच अरबी धातूवरून आलाय.

अजून एक बारीक गोष्ट. फडणीस आणि चिटणीस यांच्यात 'ण' आहे, पण हसबनीस, पारसनीस, पोतनीस, सबनीस, वाकनीस यांच्यात 'न' आहे, असं का? मोठ्याने म्हणून बघा. ड आणि ट म्हणताना जीभ वर वळलेली असते, तिथून पुढचा न म्हणायला गेलं की तो आपोआप ण होतो. वाकनीसमध्ये आधी क आहे, जीभ वळायचं कारणच नाही, म्हणून न राहिला. त्यामुळे कुणाच्या दाखल्यावर किंवा आधार कार्डावर 'वाकणीस' पडलं असेल तर ती टायपिंगची चूक समजा, आणि ही चूकच लोकांना परत त्या वाकण्याच्या गोष्टीकडे घेऊन जाते.

आता हुद्द्याबद्दल, कारण खरी मजा इथे आहे. मुघलांकडे सुभ्यासुभ्यात असे वाकियानवीस नेमलेले असत, तिथे काय घडतंय ते लिहून दरबाराला कळवायचं हे त्यांचं काम. शिवाजी महाराजांच्या कारभारात वाकनीस थेट महाराजांच्या जवळचा माणूस होता, रोजच्या घडामोडींची टिपणं, खाजगीकडचा कारभार, आमंत्रणं-निमंत्रणं हे सगळं त्याच्याकडे. आठ प्रधानांपैकी एक. राज्याभिषेकाच्या वेळचे वाकनीस दत्ताजीपंत, आणि महाराजांचं चरित्र सांगणारी ९१ कलमी बखर त्यांच्याच नावावर सांगतात. मला हे फार आवडतं, ज्याचं काम घडलेलं लिहिणं त्याच्याच नावाला एक बखर जोडली जावी.

१६७४ ला राज्याभिषेक झाला आणि महाराजांनी प्रधानांच्या हुद्द्यांची फारसी नावं बदलून संस्कृत केली. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, डबीराचा सुमंत, सरनौबताचा सेनापती, आणि वाकनिसाचा झाला मंत्री. हो, मंत्री! आज आपण बातम्यांमध्ये ऐकतो तेच शब्द, मंत्री आणि सचिव, कामं आता वेगळी असली तरी. म्हणजे तुमच्या आजीच्या माहेरच्या आडनावाचं राज्याभिषेकानंतरचं भाषांतर 'मंत्री' असं होतं, हे तिला नक्की सांगा.

आडनाव इतकं दुर्मीळ का याचं उत्तरही माझ्या मते यातच आहे. चिटणीस, फडणीस हे हुद्दे त्याच नावाने पुढे पेशवाईभर चालले, गावोगावच्या सरदारांकडेही स्वतःचे चिटणीस-फडणीस असायचे, त्यामुळे ती नावं पुष्कळ घराण्यांना चिकटली. 'सरचिटणीस' तर आजही पक्षापक्षात आणि युनियनमध्ये आहे. वाकनीस मात्र आधीच मोजके, त्यात वरच्या पदाचं नाव १६७४ मध्येच बदललं, मग ज्या घरात ते आडनाव म्हणून मुरलं होतं तिथेच ते राहिलं.

तुम्ही शेवटी विचारलंय की यावरून जात आणि मूळ गाव कळेल का. तर नाही, आणि इथेच लोक फसतात. हुद्दा माणसाला मिळायचा, तो ज्या घरातल्या माणसाला मिळाला त्या घराचं आडनाव झालं, त्यामुळे एकच आडनाव वेगवेगळ्या समाजात आणि एकमेकांशी रक्ताचा काही संबंध नसलेल्या घराण्यांत मिळतं. नाना फडणीस हे मूळचे भानू. महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी हे मूळचे चित्रे. पेशव्यांचं मूळ आडनाव भट. म्हणजे हुद्द्याच्या आडनावाखाली एक जुनं आडनाव दडलेलं असतं, तुम्ही शोधायचंय ते, वाकनीस नाही.

कसं शोधायचं ते माझ्या अनुभवावरून सांगतो. आमच्याकडेही कोणाला काही माहीत नव्हतं, वडील नेहमी म्हणायचे आपण पहिल्यापासून हसबनीसच. मग त्यांच्या काकांचे विधी करायला त्र्यंबकेश्वरला गेलो होतो, तिथल्या उपाध्यायांनी विचारलं मूळ गाव कोणतं, आणि आतून लाल कापडात गुंडाळलेली एक लांबडी वही आणली. पानं कडेने तपकिरी झालेली, शाई काही ठिकाणी अजून काळीभोर. त्यांनी बोटाने ओळ दाखवली, मला मोडी येत नाही, त्यांनीच वाचून दाखवलं, माझ्या पणजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, गाव, आणि पुढे 'उपनाव देशपांडे उर्फ हसबनीस'. खाली पणजोबांची स्वतःची सही. वडील बराच वेळ त्या सहीकडे बघत उभे होते, नंतर परतीच्या गाडीत फक्त एवढंच म्हणाले की 'र' काढायची पद्धत अगदी माझ्यासारखी आहे.

तर तुम्हीही आधी आजीकडून गोत्र, कुलदैवत आणि माहेरचं मूळ गाव एवढं लिहून घ्या, आजच घ्या, पुढे ढकलू नका. कुलदैवत सगळ्यात महत्त्वाचं, कारण आडनाव बदललं तरी कुलदैवत सहसा बदलत नाही. मग नाशिक, त्र्यंबकेश्वर किंवा त्यांचे लोक जिथे जात असतील तिथल्या तीर्थोपाध्यायांकडे विचारा. घराण्याला जर इनाम जमीन असेल तर अजून चांगलं, कारण इंग्रजांनी १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार दिले आणि त्या चौकशीत इनामदारांना आपला हक्क दाखवायला सनदा, वंशावळी असं सगळं पुढे करावं लागलं. पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दफ्तरासोबत असे खूप कागद आहेत. तिथे मोडी वाचणारा माणूस सोबत न्या.

आणि एक लक्षात ठेवा, मोडीत ऱ्हस्व-दीर्घ इकाराचा फरक पाळत नसत, म्हणून 'नीस' आहे की 'निस' यावर अडून बसू नका. नुसतं वाकनीस शोधू नका, वाकनिस, वाकेनवीस, आणि 'वाकनिशी' हेही बघा, कारण बऱ्याच वेळा कागदात माणसाचं आडनाव नसतंच, 'अमक्याकडे वाकनिशी' असं फक्त काम लिहिलेलं असतं. असा एखादा कागद हाती लागला तर त्याच ओळीत किंवा वरच्या ओळीत त्या माणसाचं जुनं उपनाव मिळायची शक्यता सगळ्यात जास्त.