इंदूरच्या सराफा बाजारावर एम.आर्क.चा (आर्किटेक्चरमधल्या मास्टर्सचा) डिझाइन प्रोजेक्ट करतोय, संशोधन प्रश्न कसा ठरवू?

सराफ्यातली एकच गोष्ट धरा, जी टेपने मोजता येईल आणि जिचं उत्तर आल्यावर तुमचा प्लॅन बदलेल. उदाहरणार्थ: दिवसा सोन्याचांदीचं दुकान आणि रात्री त्याच्यासमोर भुट्ट्याच्या किसाची कढई, या दोघांना चालेल असा ओटा किती रुंद, किती उंच हवा? थिसिस तपासणाऱ्या ज्यूरीत बसते म्हणून सांगते, ‘वारसा आणि आधुनिकतेचा मेळ’ छापाच्या प्रश्नातून एक भिंतही ठरत नाही. दुकानं बंद व्हायच्या वेळी जा. शटर पडल्यावर शेगडी कुठे टेकते, खरकटं पाणी कुठे जातं, ते कागदावर रेखाटून आणा. मात्र पहिल्याच फेरीत प्रश्न पक्का करू नका, मोजमापं हाती आली की तो हमखास बदलतो.