समोर धक्का दिसत असताना

शिडाच्या होडीचे वेड मला आहे, बायकोला नाही. तिच्या मनातली पाण्याची भीती तेवढी घालवून द्या, म्हणजे आम्ही दोघे मिळून जात जाऊ, अशी विनंती घेऊन एक गृहस्थ माझ्या जळगावच्या समुपदेशनाच्या खोलीत आले, त्याला आता दोन वर्षे झाली. होडीच्या जागी गिर्यारोहण, मोटारसायकल, शास्त्रीय संगीत किंवा पक्षिनिरीक्षण घातले, तर हाच प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी विचारला जातो, आणि विचारणाऱ्याने बहुतेक वेळा अर्धे उत्तर घरूनच ठरवून आणलेले असते: दोष जोडीदाराच्या भित्रेपणात, आळसात किंवा अरसिकपणात आहे. ही हकीकत दोघांच्या संमतीने लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि माझ्या बोलण्यात त्यांना मी जे म्हणत असे तेच, म्हणजे दादा आणि वहिनी, इथेही म्हणणार आहे.

दादा नौदलात पंधरा वर्षे खलाशी होते. तिथेच ते शिडाची होडी चालवायला शिकले, आणि नोकरी संपवून भुसावळला बँकेत लागल्यावरही ते वेड सुटले नाही. मुंबईतल्या दोन जुन्या साथीदारांबरोबर त्यांनी एका होडीत वाटा घेतला होता. ऑक्टोबर ते मे या काळात, महिन्यातून एकदा, शुक्रवारी रात्रीची गाडी पकडून ते मुंबईला जात आणि सोमवारी पहाटे परतून थेट कामावर हजर होत. पावसाळ्यात मुंबईच्या बंदरात अशा होड्या बंद असतात, त्यामुळे ते चार महिने घरात त्यांची चिडचिड असे. वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, माहेर रावेर तालुक्यातल्या तापीकाठच्या एका गावात. लग्नाला एकोणीस वर्षे झाली होती. मुलगी पुण्याला शिकायला गेली आणि घर एकदम रिकामे झाले, तेव्हा दादांनी वहिनींना आग्रह करून जानेवारीत एकदा मुंबईला नेले. त्या दिवशी त्यांना उलट्या झाल्या, रडू आले, आणि त्यानंतर त्यांनी होडीचे नाव काढू दिले नाही.

इथे माझी चूक आधी सांगते. दादांनी सांगितलेले निदान मी जसेच्या तसे उचलले आणि पहिल्या दोन भेटी पाण्याच्या भीतीवर काम करण्यात घालवल्या. श्वासावर लक्ष ठेवणे, भीतीची पायरी पायरीने उतरंड मांडणे, हे सगळे वहिनींनी शाळेतल्या आज्ञाधारक मुलीसारखे केले. मी स्वतः धुळ्याची, पांझरेत गुडघ्यापुढे कधी न उतरलेली, त्यामुळे पाणी म्हटले की भीती असणारच, हे मला विचारण्यासारखेही वाटले नव्हते. तिसऱ्या भेटीला त्या एकट्या आल्या. थोडा वेळ पदराच्या काठाशी चाळा करून त्यांनी विचारले, “ताई, मला पाण्याची भीती वाटते, हे तुम्हाला मी कधी सांगितलं?”

त्यांच्या वडिलांनी त्यांना आठव्या वर्षी मळ्यातल्या विहिरीत, पाठीला वाळलेला भोपळा बांधून पोहायला शिकवले होते. दहाव्या वर्षी भोपळा सुटला. माहेरच्या गावात तापीचे पात्र ओलांडून पलीकडे जाणाऱ्या मुलींत त्या होत्या. हे एकोणीस वर्षांच्या संसारात दादांना ठाऊक होते, पण त्यांच्या लेखी विहीर आणि नदी म्हणजे पाणी नव्हे. पाणी म्हणजे समुद्र.

मग त्या दिवशी झाले काय? मी त्यांना तो दिवस सकाळपासून सांगायला लावले. होडीत चढल्यावर त्यांना एका कोपऱ्यात बसवण्यात आले आणि मांडीवर कळण्याच्या पुऱ्यांचा डबा देण्यात आला. थोड्या वेळाने होडी एका अंगावर कलली. दादा ओरडले, “इकडे ये!” त्या उठेपर्यंत पुन्हा ओरडले, “डोकं खाली!” आणि शिडाच्या तळाचा आडवा दांडा, ज्याला ते लोक बूम म्हणतात, डोक्यावरून सपकन गेला. जेवणाच्या वेळी उलट्या सुरू झाल्या. त्यांनी परत फिरूया म्हणून सांगितले, दादा हो म्हणाले, आणि यानंतरचे सांगताना मात्र त्यांचा आवाज बदलला. धक्का समोर दिसत होता. त्यावरची माणसेसुद्धा ओळखू येत होती. तरी होडी धक्क्याकडे न जाता उजवीकडे लांब गेली, मग वळून डावीकडे लांब गेली, मग पुन्हा उजवीकडे. “मी रडतेय हे त्यांना दिसत होतं, आणि हे मला मुद्दाम फिरवत होते.”

हे वाक्य मी पुढच्या भेटीत, वहिनींच्या परवानगीने, दादांसमोर ठेवले. ते अक्षरशः अवाक झाले. नंतर माझ्या टेबलावरचा कागद ओढून त्यांनी जे काढून दाखवले, ते मी प्रथमच पाहत होते. शिडाची होडी वाऱ्याच्या थेट तोंडावर जाऊच शकत नाही; वाऱ्याच्या दोन्ही बाजूंना सुमारे 45 अंशांपर्यंतचा पट्टा तिला बंद असतो. ज्या दिशेने वारा येतो त्या दिशेला जायचे, तर तिरके जायचे, वळायचे, पुन्हा तिरके जायचे, असे नागमोडी जावे लागते. मुंबईचे बंदर शहराच्या पूर्वेला आहे आणि हिवाळ्या-उन्हाळ्यात दुपारनंतर तिथला वारा साधारण पश्चिम-वायव्येकडून, म्हणजे शहराच्या बाजूने येतो. त्यामुळे परतीचा धक्का नेमका वाऱ्याच्या दिशेला पडतो. दादा त्या दिवशी शक्य तितक्या लवकर बायकोला किनाऱ्यावर आणत होते.

“मग हे तिला तेव्हा सांगितलं का नाही?” मी विचारले.

“ताई, तिला काय कळणार होतं त्यातलं?”

वहिनी शेजारीच बसल्या होत्या. त्या सहावी-सातवीला विज्ञान शिकवतात.

दोष समजावून देण्यापेक्षा मला एक वेगळी गोष्ट जाणून घ्यायची होती. तुम्ही साथीदारांबरोबर असता तेव्हा होडी वळवताना काय बोलता, असे मी दादांना विचारले. त्यांनी सहज सांगितले की सुकाणूवरचा माणूस आधी “तयार?” असे विचारतो, दोर धरलेला माणूस आपला दोर मोकळा आहे ना हे पाहून “तयार” असे उत्तर देतो, आणि ते उत्तर आल्यावरच सुकाणू फिरवले जाते. उत्तर आले नाही तर? “तर थांबायचं. समोर अडथळा नसेल तर कोणी तसंच वळवत नाही. एखाद्याचं डोकं फुटेल.” पंधरा वर्षे नौदलात आणि नंतरही ते हे न चुकता पाळत आले होते. त्या जानेवारीत मात्र होडी किमान दहा वेळा वळली, आणि वहिनींना एकदाही कोणी “तयार?” असे विचारले नव्हते. हे मी बोलून दाखवले नाही. दादा बराच वेळ स्वतःच काढलेल्या त्या कागदाकडे पाहत राहिले.

आपली आवड जोडीदारापर्यंत पोहोचवण्याचा दादांचा मार्गही पाहण्यासारखा होता. ‘तारिणी’ या नौदलाच्या शिडाच्या नौकेतून सहा महिला अधिकाऱ्यांनी सप्टेंबर 2017 ते मे 2018 या काळात पृथ्वीप्रदक्षिणा केली. ती नौका जेमतेम 17 मीटर लांबीची. त्या मोहिमेच्या चित्रफिती दादा रात्री जेवणानंतर वहिनींना दाखवत आणि म्हणत, “बघ, बायकाच आहेत ना या?” वहिनींनी माझ्यासमोर त्यावर दिलेले उत्तर मी त्यानंतर अनेक जोडप्यांना सांगितले आहे. “त्या सहाही जणींच्या हातात काम होतं. माझ्या हातात डबा होता.”

गुंता एवढ्यावर संपला असता तर ही हकीकत छोटी झाली असती. चौथ्या भेटीत वहिनींच्या तोंडून एक वाक्य निसटले: “आज होडीत बसले, की उद्या मालवणला बिऱ्हाड.” निवृत्तीनंतर मालवणजवळ जागा घेऊन राहायचे, असे दादा अधूनमधून बोलत आणि एकदा ते जागा पाहूनही आले होते. वहिनींची आई गावी एकटी, केळीची बाग तिच्याच नावावर, आणि शाळेतली बारा वर्षांची नोकरी शिल्लक. होडीला दिलेला होकार म्हणजे मालवणला दिलेला अर्धा होकार, असा हिशेब त्यांनी मनात मांडला होता, आणि खरे सांगायचे तर तो अगदीच चुकीचा नव्हता. दादांनी तसे कबूल केले. तिला समुद्र आवडू लागला की बाकीचे आपोआप जमेल, असे त्यांना वाटत होते. छंदाच्या आडून जेव्हा एखादा मोठा बेत पुढे सरकत असतो, तेव्हा जोडीदाराला तो बोलल्याशिवायही कळतो आणि मग विरोध छंदाला होतो, कारण बेतावर चर्चाच झालेली नसते. म्हणून आम्ही दोन्ही प्रश्न कागदावर वेगळे केले. मालवणचा विषय वहिनींनी काढल्याशिवाय वर्षभर काढायचा नाही, आणि होडीत बसण्याचा त्याच्याशी काही संबंध धरायचा नाही, असे दादांनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिले.

होडीचे काय करायचे, हे मी वहिनींवर सोडले. जायलाच हवे असे माझे मुळीच मत नव्हते. नवरा महिन्यातून दोन दिवस आपल्या आनंदात असणे आणि बायको त्या दोन दिवसांत आपल्या आनंदात असणे, ही व्यवस्था पुष्कळ घरांत उत्तम चालते. पण दोन महिन्यांनी त्यांनी स्वतःहून सांगितले की शिकून पाहावेसे वाटते, मात्र यांच्याकडून नाही. हे मला फार शहाणपणाचे वाटले. नवऱ्याने बायकोला मोटार शिकवायला घेतल्यावर पहिल्या चौकात काय होते, ते आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी मुंबईत नवशिक्यांसाठी असलेल्या प्रशिक्षणात नाव घातले आणि दादांनी ते दिवस भुसावळातच काढले.

तिथे शिकवणारी मुलगी त्यांच्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. दुसऱ्या दिवशी लहान होडी मुद्दाम उलटी करून ती पुन्हा सरळ कशी करायची, हे शिकवतात. लाइफ जॅकेट घालून पाण्यात पडायचे, होडीच्या तळातून बाहेर आलेल्या फळीवर चढून उभे राहायचे आणि अंगाचा भार मागे टाकून डोलकाठी पाण्याबाहेर काढायची. बरोबरचे दोघे तरुण गांगरले. वहिनी पहिल्याच प्रयत्नात फळीवर चढल्या. “विहिरीच्या कठड्यापेक्षा सोपं होतं,” असे मला सांगताना त्या हसत होत्या. या लहान होड्या उलटतात. दादांच्या होडीच्या तळाला मात्र जड लोखंडी भार असतो, त्यामुळे ती कितीही कलली तरी सहसा पुन्हा सरळ होते, हेही त्यांना तिथेच कळले. तेवढी एक गोष्ट जानेवारीत कोणी सांगितली असती, तर कललेल्या होडीत त्यांनी दोन्ही हातांनी कठडा धरून तास काढला नसता.

उलट्यांचा प्रश्न त्यापेक्षा लवकर सुटला. डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी निघण्यापूर्वी घ्यायची, कारण मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. नजर क्षितिजावर ठेवायची, होडीत खाली वाकून डबे उघडत बसायचे नाही. सुकाणू ज्याच्या हातात असते त्याला इतरांपेक्षा कमी त्रास होतो, असे प्रशिक्षकांनी सांगितले, आणि वहिनींना ते पटले. एसटीत मळमळणारा माणूस स्वतः गाडी चालवताना ठीक असतो, हे त्यांनीच मला उदाहरण म्हणून दिले.

गेल्या हिवाळ्यात दोघे तीनदा एकत्र गेले. निघण्यापूर्वी परतीची वेळ ठरते आणि ती वहिनी ठरवतात. वारा धक्क्याच्या बाजूने असेल तर परतायला किती वेळ जास्त लागेल, हे दादांनी आधी सांगायचे असते. बाकीच्या महिन्यांत दादा पूर्वीसारखे एकटे जातात आणि वहिनी बहुधा माहेरी. सगळे सुरळीत आहे असे नाही. गेल्या भेटीत दादांनी तक्रार केली की वारा वाढला असताना त्यांनी घाईने सुकाणू फिरवले आणि वहिनींनी पुढचा दोर सोडलाच नाही. शीड उलट्या बाजूने भरले, होडी जागच्या जागी अडली आणि शेजारच्या होडीतले साथीदार हसले.

“का नाही सोडला?” मी विचारले.

“यांनी विचारलं नव्हतं,” वहिनी म्हणाल्या.

मालवणचे वर्ष मे महिन्यात संपते. त्यावर बोलण्यासाठी आखाजीनंतरच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरच्या, आठवड्यात दोघांनी वेळ मागितली आहे, आणि वहिनींनी या वेळी आईलाही बरोबर आणू का, असे विचारले आहे.