बेगमी झाली, तरी जीव थाऱ्यावर नाही

"मॅडम, तयारी करणं चूक आहे का हो?" दापोली तालुक्यातल्या एका किनाऱ्यावरच्या गावाहून माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या काकूंनी बसता बसताच विचारलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात त्यांच्या पडवीचे पत्रे उडाले, पोफळीची बाग आडवी झाली. तेव्हापासून आगोटीचं, म्हणजे पावसाळ्याआधी भरून ठेवायचं सामान दुप्पट भरायचं: सुकट, सोडे, कुळीथ, आमसुलं, लाकूडफाटा. कौलं परतून झाली तरी पुन्हा गडी बोलवायचा. रात्री तीन-तीनदा उठून मोबाईलवर वारा बघायचा. सून वैतागली की उत्तर ठरलेलं, "बेगमी नको करायला?"

मी त्या शब्दापाशीच थांबले. बे म्हणजे विना, गम म्हणजे दुःख, काळजी. पावसाळ्याची बेगमी, म्हातारपणाची बेगमी असं आपण म्हणतो, त्यात नुसता साठा नसतो, घोर मिटणंही असतं.

"काकू, कोठी भरल्यावर घोर मिटतो का?"

"छे! तो तर वाढतोच." आणि त्यांचे डोळे भरले.

त्यांची भीती मला मुळीच खोटी वाटली नाही. छप्पर उडताना पाहिलेलं अंग वाऱ्याला दचकणारच. पण मोबाईल बघितला की क्षणभर बरं वाटतं, आणि तेवढ्या बऱ्या वाटण्यासाठी मन पुन्हा उठवतं. प्रत्येक तपासणी पुढचीला बोलावते. भरलेली कोठी या भीतीला पुरत नाही, कारण तिला हवी असते खात्री, आणि ती कुठल्याच डब्यात भरून ठेवता येत नाही.

त्यांचे शेजारी दर्यावर जाणारे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणून ते होड्या वर ओढतात, झाकतात आणि जाळी दुरुस्त करत बसतात. तेच आम्ही घेतलं. सामानाची एकच यादी, ३१ मेला ती बंद. इशारा आला तर जायचं कुठे, कागदपत्रं कुठल्या पिशवीत, हे एकदाच ठरवलं. हवामानाचा अंदाज दिवसातून दोनदा, तोही सुनेबरोबर. पहिले आठ दिवस त्यांना फार जड गेले. तेव्हा सून रात्री त्यांच्याजवळ झोपायची. माझ्या कुठल्याही युक्तीपेक्षा ते जास्त कामी आलं असं मला मनापासून वाटतं.

(झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल तर डॉक्टरांना दाखवा. टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांकही मोफत आहे.)

नारळी पौर्णिमेनंतर काकू पुन्हा आल्या. म्हणाल्या, "परवा सकाळी अंगण ओलं दिसलं, तेव्हा कळलं रात्री पाऊस पडून गेला."