वॉशिंग्टन शहराला गुन्ह्यांच्या शिक्षा स्वतः ठरवता येत नाहीत का?

प्रश्न असा आहे: अमेरिकेच्या संसदेने वॉशिंग्टन डी.सी.च्या कौन्सिलचा शिक्षा ठरवण्याचा अधिकार काढून घेणारं विधेयक आणलं, लोकांनी निवडून दिलेल्या कौन्सिलच्या डोक्यावरून संसदेला असं करता येतं का?

येतं. अमेरिकन राज्यघटनेच्या पहिल्याच कलमात राजधानीच्या प्रदेशावर कायदे करण्याचा संपूर्ण अधिकार संसदेला दिलेला आहे. 1973 च्या होम रूल कायद्याने महापौर आणि कौन्सिल निवडायचा हक्क मिळाला खरा, पण तो संसदेनेच दिलेला असल्यामुळे परत घेणंही संसदेच्याच हातात राहिलं.

तुम्ही म्हणताय ते विधेयक 16 सप्टेंबर 2025 ला प्रतिनिधिगृहात 240 विरुद्ध 179 मतांनी मंजूर झालं. एका सभागृहात मंजूर झालं म्हणजे कायदा झाला असं नव्हे. पुढे सिनेट आणि राष्ट्राध्यक्षांची सही लागते. त्यातल्या मुख्य तरतुदी दोन. एक, आज ज्या गुन्ह्याला जी शिक्षा आहे ती कौन्सिलने बदलायची नाही. दोन, 'तरुण गुन्हेगार' म्हणून वेगळा विचार सध्या 24 वर्षांपर्यंत होतो, ती मर्यादा 18 वर आणायची. त्याच दिवशी आणखी एक विधेयक मंजूर झालं. काही गंभीर गुन्ह्यांत आज 16 आणि 17 वर्षांच्या मुलांवर प्रौढांसारखा खटला चालवता येतो, ते वय 14 करायचं असं त्यात आहे.

मी या शहरात राहतो, इथे मत देतो, आणि मला हे मनापासून चुकीचं वाटतं. ज्युरीसाठी बोलावणं आलं म्हणून एकदा इंडियाना अव्हेन्यूवरच्या न्यायालयात गेलो होतो. खटला आमच्याच शहरातल्या लुटमारीचा होता, पण नाव वाचलं गेलं 'युनायटेड स्टेट्स विरुद्ध अमुक'. सरकारी वकील उभे राहिले ते केंद्राचे. बहुतेक राज्यांत लोक आपला डिस्ट्रिक्ट अॅटर्नी, म्हणजे स्थानिक मुख्य सरकारी वकील, निवडून देतात. इथे प्रौढांचे गंभीर गुन्हे राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या अॅटर्नीच्या कचेरीकडे जातात. न्यायाधीशही राष्ट्राध्यक्षच नेमतात, सिनेट मान्यता देतं. तुरुंगाचं तेच. 1997 च्या कायद्यानंतर शहराचा लॉर्टनचा तुरुंग 2001 मध्ये बंद झाला. तेव्हापासून मोठी शिक्षा झालेले कैदी देशभरातल्या केंद्रीय तुरुंगांत जातात, आणि कितीतरी आयांना मुलाला भेटायला शेकडो मैल जावं लागतं.

म्हणजे खटला, न्यायाधीश, तुरुंग, यातलं काहीच शहराचं नाही. अल्पवयीनांचे बहुतेक खटले तेवढे शहराचा स्वतःचा अॅटर्नी जनरल चालवतो. बाकी उरतं ते कोणत्या गुन्ह्याला किती शिक्षा हे कायद्यात लिहिणं, आणि आता त्यावरच घाला येतोय.

समर्थक म्हणतात, कौन्सिल गुन्हेगारांना सैल सोडतं. 2023 मध्ये शहरात 274 खून झाले, मोटारी पळवण्याचं सत्र चालू होतं, लोक खरंच घाबरले होते. ती भीती मी नाकारत नाही, संध्याकाळी गाडी लावताना मीही चारी बाजूंना बघायचो. त्याच वर्षी कौन्सिलने नव्याने लिहिलेली दंडसंहिता संसदेने रद्द केली. सिनेटमध्ये 81 विरुद्ध 14 मतं पडली, आणि तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनीही सही केली. जुनी संहिता मुळात 1901 ची, म्हणजे ती सुधारायला हवी होती हे उघड होतं. पण काही गुन्ह्यांची कमाल शिक्षा कमी केली एवढाच मुद्दा गाजला.

पुढचं मात्र कुणी सांगत नाही. मार्च 2024 मध्ये याच कौन्सिलने 'सिक्युअर डी.सी.' कायदा केला, काही गुन्ह्यांच्या शिक्षा वाढवल्या आणि खटल्याआधी कोठडीत ठेवण्याचे अधिकार वाढवले. त्या वर्षी खून 187 वर आले. ते एकट्या त्या कायद्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही. पण शिक्षा गोठवणारा नियम तेव्हा असता, तर शहराला त्या वाढवताही आल्या नसत्या. उद्या नवा गुन्हा फोफावला तर कौन्सिलला संसदेच्या दारात उभं राहावं लागेल, आणि तिथे आमची प्रतिनिधी बोलू शकते, अंतिम मतदानात तिला मत नाही. दिल्लीचे पोलीसही केंद्राकडेच आहेत, पण दिल्ली निदान सात खासदार लोकसभेत पाठवते. आम्ही सुमारे सात लाख लोक पूर्ण केंद्रीय कर भरतो, आणि मत देणारा एकही खासदार आमचा नाही.

तरुणांच्या तरतुदीचं मला जास्त वाईट वाटतं. 24 वर्षांपर्यंतच्यांचा वेगळा विचार करणाऱ्या 1985 पासूनच्या कायद्याने शिक्षा माफ होत नाही. खून आणि काही लैंगिक गुन्हे त्यातून वगळलेलेच आहेत. बाकीच्यांत न्यायाधीश वय आणि परिस्थिती पाहून शिक्षा कमी करू शकतो, आणि ती नीट भोगून झाली की दोषसिद्धी बाजूला ठेवू शकतो. विसाव्या वर्षी चुकलेला मुलगा पंचविशीत नोकरीचा अर्ज भरतो तेव्हा या एका आदेशाने त्याचं पोट चालतं की नाही हे ठरतं. त्याचा खटला ऐकलेल्या न्यायाधीशाला तेवढी मोकळीक असायला हवी. ती किती असावी यावर वाद जरूर घाला, पण तो इथल्या मतदारांनी निवडलेल्यांमध्ये व्हावा.

वॉशिंग्टनला राज्याचा दर्जा देणारी विधेयकं 2020 आणि 2021 मध्ये प्रतिनिधिगृहात मंजूर झाली होती, सिनेटमध्ये अडली. तो दर्जा मिळत नाही तोवर कौन्सिलचा कोणताही कायदा संसदेला बदलता येईल, मग तो शिक्षेचा असो की आणखी कशाचा.